डोईफोडे मामांचं गेट

डोईफोडे मामांच्या घरून निघताना हातातली पिशवी उघडून दाखवावी लागते.

आम्ही बजाजनगरात नवे राहायला आलो तेव्हा मी शेजारधर्म म्हणून त्यांच्याकडं शेवयांची खीर घेऊन गेले होते. मामांनी खीर आपल्या पातेल्यात ओतून घेतली, माझी वाटी विसळली, पुसली आणि स्वतःच्या हातानं माझ्या पिशवीत घातली. मी दाराशी आले तर म्हणाले, "पिशवी उघडा, मॅडम."

मला वाटलं, भांडं रिकामं देऊ नये म्हणून चार शेंगदाणे घालणार असतील. मी पिशवी उघडली. मामांनी आत वाकून पाहिलं. एक वाटी. मान डोलवली आणि म्हणाले, "या आता."

"मामा, वाटी तुम्हीच तर घातली आत्ता."

"व्हय. पण आता तुम्ही बाहेर निघाल्या. शक नाय मॅडम, दस्तूर हाय."

हा दस्तूर त्यांनी वाळूजच्या एका कारखान्याच्या गेटवर तीस वर्षं पाळला. 'मामा' हे नातंही तिथंच चिकटलं. कामगार मामा म्हणायचे, साहेब मामा म्हणायचे, मग आमची गल्लीही म्हणायला लागली. खरं नाव काशिनाथ. गाव म्हणाल तर देवगाव रंगारीच्या अलीकडची एक वस्ती. वडिलांची मेंढरं होती. मामा सांगतात, "बापानं मेंढरं राखली, मी माणसं राखली. मेंढरं बरी. हाजरीला खोटं बोलत नाय."

एकदा त्यांनी मालकाच्या गाडीची डिकी उघडायला लावली होती. गाडीत मालकाची पाहुणेमंडळी बसलेली. डिकीत निघालं काय, तर आवारातल्या वेलाची पिशवीभर कारली. मामांनी कारल्यांचा पास मागितला. मालक आधी चिडले, मग हसले, मग पाहुण्यांना ताटकळत ठेवून ऑफिसात गेले आणि पास घेऊन आले: कारली, एक पिशवी. मामांनी पिशवी उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि गेट उघडलं. ही गोष्ट सांगताना मामा हसत नाहीत. त्यात हसण्यासारखं काय आहे, हे त्यांना कळत नाही.

आत येणाऱ्यांचे गेटपास ते हातानं लिहायचे, खाली कार्बन घालून. दर वर्षी अर्ज करायचे की गेटवर एक प्रिंटर द्यावा. दर वर्षी अर्ज आत जायचा, बाहेर काही येत नसे. निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात साहेबांनी विचारलं, मामा, भेट काय देऊ, घड्याळ की चांदीचा गणपती? मामा म्हणाले, "प्रिंटर." सगळे हसले. आठ दिवसांनी खरंच प्रिंटर घरी आला. आता मामांकडं प्रिंटर होता आणि छापायला काही नव्हतं.

घरात ते एकटेच. मामी पुण्याला मुलाकडं असतात. नातू झाला तेव्हा तीन महिन्यांसाठी म्हणून गेल्या होत्या. नातू आता दप्तर घेऊन शाळेत जातो. सून नोकरी करते, त्यामुळं मामींची सुटका नाही. मुलगा दर दिवाळीला म्हणतो, बाबा, तुम्हीपण इकडंच या. मामा म्हणतात, "आलो असतो रे, पण चार्ज कुणाकडं देऊ?" कशाचा चार्ज, ते मुलगा विचारत नाही.

याच मुलानं आपला जुना कॉम्प्युटर वडिलांना आणून दिला. वेळ जाईल, सिनेमे बघतील, एवढाच त्याचा हेतू. मामांनी साठी उलटल्यावर कॉम्प्युटरचा क्लास लावला, कॉलेजच्या पोरांच्या शेजारी बसून तीन महिने टाईप केलं, आणि एक दिवस आमच्या मधल्या भिंतीवरून मला हाक मारली. आमची दोन्ही घरं चिकटून आहेत आणि मागच्या अंगणात कमरेएवढी भिंत आहे. मी कुकर लावून बाहेर आले. मामांचा चेहरा असा उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

"मॅडम," ते म्हणाले, "याच्यात गेट हाय."

त्यांना फायरवॉल सापडली होती. फायरवॉल म्हणजे कॉम्प्युटरच्या आत बसवलेला राखणदार. नेटवरून कोणी आत येऊ लागलं, किंवा आतलं कोणी बाहेर निघालं, की तो अडवतो आणि पडद्यावर एक चौकट दाखवून विचारतो, याला सोडू का? खाली दोन बटनं असतात, सोडा आणि अडवा. लोक ही चौकट एकदा आली की वैतागतात आणि ती पुन्हा येणार नाही अशी व्यवस्था करतात. मामांनी ती जितकी वेळा येऊ शकेल तितकी वेळा येऊ दे, अशी व्यवस्था केली.

मग सकाळी अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून ते कॉम्प्युटरसमोर ड्युटीवर बसू लागले.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी कॉम्प्युटरच्या घड्याळाला अडवलं. घड्याळ आपली वेळ बरोबर आहे का हे नेटवर विचारायला चाललं होतं. "वेळ विचारायला बाहेर कामून जातो? माझ्या मनगटाला हाय की." तेव्हापासून त्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागं पडत गेलं. मामा रोज सकाळी ते हातानं पुढं करतात. मग खुद्द प्रिंटर पकडला गेला. प्रिंटरचा प्रोग्रॅम शाई किती उरली ही खबर कुठल्यातरी परदेशी ठिकाणी पाठवत होता. मामांना हे फार लागलं. "माझ्या घरात राहतो, माझी लाइट खातो, आणि शाई संपली तर मला सांगायचं सोडून तिकडं सांगतो." त्यांनी प्रिंटरला अडवलं. नंतर दोन दिवस त्याच्यावरचं कापडही काढलं नाही.

आता प्रिंटर आमच्यापर्यंत कसा आला, ते सांगते. मी इथल्या एका खाजगी शाळेत मराठी शिकवते. प्रश्नपत्रिका, सराव पेपर, पत्रकं, यांना अंत नसतो. झेरॉक्सचं दुकान चौकात, तिथं कंपन्यांच्या भरतीचे फॉर्म भरणाऱ्यांची कायम रांग. एकदा मी तासभर उभी राहून घरी आले तर मामा म्हणाले, "माझा प्रिंटर हाय की रिकामा. तुमच्या घरून पाठवत जा."

मी म्हटलं, सोपं आहे. मला तुमच्या वायफायचा पासवर्ड द्या, मी माझा लॅपटॉप त्यावर जोडते.

मामांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी स्टोअरची किल्ली मागितली.

"मॅडम, तुम्ही घरच्याच. पण बाहेरचं वाहन आत न्यायचं नसतं. माल गेटवर उतरवायचा."

यावर त्यांनी चार दिवस विचार केला, कागदावर दोन घरं, दोन चौकोन आणि बाण काढले, क्लासच्या सरांना जाऊन भेटले, आणि एक लहानशी वायफायची दांडी आणून आपल्या कॉम्प्युटरच्या पाठीत खोचली. ती दांडी आमच्या घरच्या वायफायला जोडली. कॉम्प्युटर वायरीनं त्यांच्या स्वतःच्या नेटवर होताच. म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरचा एक पाय त्यांच्या घरात, एक आमच्या घरात. प्रिंटर त्या कॉम्प्युटरला जोडलेला आणि मध्ये फायरवॉल. मी माझ्या वायफायवरून कागद पाठवायचा, तो त्यांच्या गेटवर येऊन थांबणार, मामा बघणार आणि सोडणार. त्यापुढं त्यांच्या घरात मला, म्हणजे माझ्या लॅपटॉपला, प्रवेश नाही.

आमचे हे एका कंपनीत मशीनवर आहेत. त्यांनी सगळी मांडणी पाहिली आणि म्हणाले, "एवढा बंदोबस्त तर आमच्या कंपनीत नाही."

मग ते छापणं सुरू झालं. मी लॅपटॉपवर बटन दाबायची. पलीकडं मामांच्या पडद्यावर चौकट उगवायची. मागच्या भिंतीवरून आवाज यायचा, "कोण?"

"मीच, मामा."

"किती पानं?"

"चार."

"काय काम?"

"सातवीची चाचणी."

मग थोडी शांतता, आणि प्रिंटरचा घरघर आवाज. पाच मिनिटांनी मामा पानं घेऊन भिंतीपाशी. पण पानं हातात देण्याआधी ते वाचायचे. माल काय आहे हे पाहिल्याशिवाय सोडायचा कसा?

एकदा त्यांनी आठवीचा पेपर रोखून धरला. "मॅडम, यात पाच नंबर कुठं हाय?"

मी पाहिलं. प्रश्न चारनंतर थेट सहा होता. पेपर मी दोनदा तपासला होता, हेडमास्तरांनी एकदा.

"चार आत आला, सहा आत आला. पाच मधल्या मधी गेला कुठं? मी म्हणलं, माझ्याच गेटवर अडकला का काय. सगळं धुंडाळलं."

त्यांनी खरंच धुंडाळलं होतं. मी चूक कबूल केली तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

माझी मुलगी ऋतुजा तेव्हा सहावीत होती. तिनं ज्वालामुखीचा प्रकल्प केला. पानभर लाव्हा. भिंतीवरून विचारणा झाली, "ऋतुजाबाई, लाल शाई लई जाऊ लागली. डोंगर थोडा थंड करता येतो का?" ऋतुजानं सांगितलं की थंड केला तर तो नुसता डोंगर राहील. मामांना हे पटलं. त्यांनी डोंगर तसाच पेटू दिला, वर विचारलं की असा डोंगर आपल्याकडं कुठं आहे का. तिनं सांगितलं, आपला सगळा मुलूखच एके काळी अशा लाव्ह्यानं झालाय, अजिंठ्याची लेणीसुद्धा त्याच दगडात आहेत. मामा भिंतीला टेकले. म्हणाले, "मंजी आमचा बाप मेंढरं चारायचा, ते ह्याच्यावरच."

मी एकदा त्यांच्याकडं गेले असताना ती चौकट जवळून पाहिली. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती आणि शेजारी टिक करायचा चौकोन. यापुढं न विचारता सोडा, असा तिचा अर्थ. मी म्हटलं, "मामा, इथं एकदा टिक केली की तुम्हाला सारखं उठावं लागणार नाही."

"माहीत हाय ते," मामा म्हणाले. "गेटवरचा माणूस रोज विचारतो, मॅडम. ओळख असली तरी विचारतो."

वर्षभर हे असं चाललं. आणि मग तो माझ्या अर्जाचा दिवस आला.

मी शाळेत अकरा वर्षं तात्पुरती होते. दर जूनला नवा आदेश, दर एप्रिलला धाकधूक. त्या वर्षी संस्थेनं एक कायम जागा काढली. अर्ज, प्रमाणपत्रं, सगळ्याच्या तीन-तीन प्रती, शहरातल्या संस्थेच्या कचेरीत पाच वाजेपर्यंत. शेवटच्या दिवशी दुपारी माझा लॅपटॉप बंद पडला. मी शाळेतला एक लॅपटॉप मागून आणला, मेलमधली सगळी कागदं त्यावर घेतली आणि छापायला पाठवली.

भिंतीवरून काहीच आवाज नाही. पुन्हा पाठवली. नाही. मी अंगणात जाऊन हाका मारल्या. मामांच्या मागच्या दाराला आतून कडी होती. पुढच्या दाराला कुलूप. मी तिथंच पायरीवर बसले. तीन वाजून गेले होते.

साडेतीनच्या सुमाराला मामा दळण घेऊन आले. डब्यावर पिठाची पांढरी बोटं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "मॅडम, तुमच्या बाजूनं कुणीतरी आत घुसाया बघत व्हतं. लॅब-चार नावाचं. कधी पाहिलेलं नाय. मी अडवून टाकलं आणि दळणाला गेलो."

लॅब-चार म्हणजे शाळेचा लॅपटॉप.

मी तेव्हा जे बोलले ते मला शब्दाशब्दानं आठवतं. मी म्हणाले, "मामा, हे घर आहे, गेट नाही. तुमची कंपनी कधीच सुटली. तिथं आता तुम्हाला कोणी ओळखतसुद्धा नाही. आणि इथं राखण्यासारखं काय आहे हो तुमच्याकडं?"

मामांनी हातातला डबा खाली ठेवला नाही. मी रिक्षा करून निघाले. शहरात कचेरीजवळच्या एका दुकानात छापून घेतलं आणि पाचला दहा मिनिटं असताना अर्ज दिला. परतीच्या रिक्षात मला त्यांचा चेहरा सारखा दिसत होता. पण घरी पोचेपर्यंत मी स्वतःला पटवून दिलं होतं की चूक त्यांचीच होती.

जागा मला मिळाली. पेढे घेऊन मी स्वतः जायला हवं होतं. मी ऋतुजाला पाठवलं. ती परत आली आणि म्हणाली, "आई, मामांनी पेढा घेतला. छान झालं म्हणाले. पण माझा डबा बघितलाच नाही. मी उघडून धरला होता."

दुसऱ्या दिवशी मी एक पत्रक पाठवलं आणि सवयीनं भिंतीकडं कान दिला. "कोण?" आलं नाही. थेट प्रिंटर घरघरला. थोड्या वेळानं भिंतीवर पानं ठेवलेली, वर वाऱ्यानं उडू नयेत म्हणून विटेचा तुकडा. मामा आत निघून गेलेले.

त्यांनी त्या चौकोनात टिक केली होती.

खोटं कशाला बोलू, पहिला आठवडा मला सुखाचा वाटला. बटन दाबलं की पान. कोणी विचारणारं नाही, कोणी वाचणारं नाही. आमचे हे म्हणाले, "अखेर सुधारले मामा." दुसऱ्या आठवड्यात मी नववीचा पेपर 'उतारा वाचा' ऐवजी 'उतारा वाजा' असा छापून शाळेत नेला आणि पंचेचाळीस मुलं हसली. तिसऱ्या आठवड्यात ऋतुजानं विचारलं, मामा आपल्यावर रागावलेत का? मी म्हटलं, नाही, त्यांना आता कंटाळा आला असेल. सकाळी ते अंगणात दिसायचे. मी नमस्कार केला की तेही करायचे. शर्टाची वरची गुंडी लावायची सोडली होती.

महिना झाला आणि एका रविवारी मला पुण्याहून फोन आला. मामी होत्या. माझा नंबर त्यांच्याकडं होता, पण त्यांनी कधी फोन केला नव्हता.

"मॅडम, रागावू नका, पण ह्यांचं काय बिनसलंय का तिकडं?"

"का हो मामी?"

"बोलंनात," मामी म्हणाल्या. "आता तुम्हाला काय सांगू. लग्न झाल्यापासनं ह्यांची कधी फर्स्ट, कधी सेकंड, कधी नाइट. माणूस घरी आला की झोपायचा. आम्हाला एकमेकाशी बोलायची सवयच नाय लागली. इकडं आल्यावर रोज सांजच्याला फोन करायचे. जेवली का? जेवले. तुम्ही? जेवलो. ठेवला. पण तुमचं छापणं सुरू झालं ना, तवापासनं अर्धा-अर्धा घंटा बोलायला लागले. आज मॅडमचा पेपर आला, त्यात पाच नंबरच नाय. आज ऋतुजाचा डोंगर पेटला. आज मॅडमचा घसा बसलाय, खुणेनंच सांगितलं किती पानं ते. मला इथं बसून तुमच्या घरातलं समदं ठाऊक हाय बघा. मीबी वाट बघायची, आज काय आलं म्हून."

मी कढईतली मिरची हलवायचं विसरले.

"आता महिना झाला. पुन्हा आपलं, जेवली का, जेवलो. मी विचारलं, मॅडमकडनं काय आलं का? तर म्हणाले, येतं, पण मला कळत नाय काय येतं ते."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होते. कढईतली मिरची करपली तेव्हा भानावर आले. मग तशीच मामांकडं गेले.

ते कॉम्प्युटरसमोर नव्हते. पलंगावर बसून नखं काढत होते. मला पाहून उठले, खुर्ची सरकवली, काय काम असं विचारलं नाही. मी सरळ विषयाला आले.

"मामा, त्या दिवशी मी जे बोलले ते बोलायला नको होतं."

"गेटवर लोक लई बोलतात, मॅडम. मनावर घेतलं असतं तर तीस वरसं निघाली नसती."

"मग टिक कामून केली?" माझ्या तोंडून त्यांचाच शब्द गेला.

मामांनी नेलकटर मिटलं. "तुम्ही म्हणाल्या ते खोटं नव्हतं ना," ते म्हणाले.

अकरा वर्षं मी मुलांना सांगत आले की मनातलं साध्या शब्दांत मांडा. मला ते जमेना. मामींच्या फोनबद्दल बोलणं शक्य नव्हतं. ते त्यांना आवडलं नसतं. मग मी एक थाप मारली.

"मामा, शाळेतून सूचना आलीय. पेपर फुटू नयेत म्हणून घरी छापणाऱ्यांनी काळजी घ्यायची. न विचारता काही आत-बाहेर जाऊ द्यायचं नाही. कोणीतरी जबाबदार माणसानं प्रत्येक पान बघितलं पाहिजे."

"कोण म्हणलं असं?"

"हेडमास्तर."

मामांनी विचार केला. "पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलला तो माणूस," ते म्हणाले.

ते उठून कॉम्प्युटरपाशी गेले. चष्मा घातला. घड्याळ चाळीस मिनिटं मागं होतं, ते आधी पुढं केलं. मग कुठं कुठं जाऊन त्यांनी ती टिक काढली. मी निघाले तेव्हा म्हणाले, "आणि ते लॅब-चार. त्याचं काय करायचं? पुन्हा आलं तर?"

"विचारा," मी म्हटलं. "मग सोडा."

मी दाराशी आले. हातात काहीच नव्हतं. तरी थांबले. मामांनी माझ्या रिकाम्या हातांकडं पाहिलं आणि मान डोलवली.

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. छापायला खरं तर काहीही नव्हतं. परीक्षा संपल्या होत्या, पत्रकं वाटून झाली होती. मी जे पहिलं सापडलं ते पाठवलं. भिंतीवरून आवाज आला, मी नाव सांगितलं, पानं सांगितली, काम सांगितलं. दोन पानं भिंतीवरून माझ्या हातात आली. मामांनी ती वाचली, काही न बोलता दिली, आणि मी आभार मानून आत आले. आमच्या घरात तेवढ्यानंसुद्धा बरं वाटलं.

संध्याकाळी मी अंगणात वाळलेले कपडे काढत होते. पलीकडं मामांचा फोन चालला होता. त्यांना जरा कमी ऐकू येतं, त्यामुळं फोन मोठ्या आवाजावर असतो आणि तेही मोठ्यानं बोलतात. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतं.

"मग? आज काय आलं?" मामी विचारत होत्या.

"मॅडमचा पेपर आला. सातवीचा. दोन पानं."

"परीक्षा झाल्या ना त्यांच्या?"

"झाल्या."

"मग पेपर कसला?"

"मागच्या सालचाच व्हता. मी ओळखला की. वर तारीखबी तीच."

"अगं बाई. मग परत लावला का?"

"नाय. छापला."

"का म्हून?"

"काम काय नव्हतं त्यांचं," मामा म्हणाले. "नुसत्याच आल्या व्हत्या. मग सोडलं."

पलीकडून मामी काहीतरी हळू बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही. मी दोरीवरचे उरलेले चिमटे आवाज न करता काढले आणि घरात आले.